बर्फातली चौघं

"तुम्ही बायॉलॉजी शिकवता ना? मग तुम्हाला समजावणं सोपं जाईल," असं डॉक्टर म्हणाले, आणि रिपोर्ट उघडण्याआधीच मला काय ते कळलं. सर्दीपडशाला कोणी पेशंटचं शिक्षण विचारत नाही.

रत्नागिरीतल्या एका सर्जनकडे आम्ही बसलो होतो. मी आणि माझा नवरा हेमंत. आंघोळ करताना मला डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ लागली होती. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणूनच दाखवा, असं मी आता भेटेल त्या बाईला सांगते. सर्जननी गाठीत सुई घालून तुकडा काढला होता, म्हणजे बायॉप्सी केली होती, आणि त्याचा निकाल आला होता. इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा. दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांत सुरू झालेला आणि नळीची भिंत ओलांडून बाहेर आलेला कॅन्सर. पुढे लिहिलं होतं, ईआर पॉझिटिव्ह. म्हणजे शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर तो पोसला जात होता.

मी बत्तीस वर्षांची होते. ज्युनिअर कॉलेजात पेशी, ऊती, पुनरुत्पादन हेच शिकवत होते. शिकवलेलं उलटून अंगावर येतं म्हणतात ते असं.

हे सगळं लिहायचं कारण कॅन्सर नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय आणि माझ्यापेक्षा धीरानं लिहिलंय. मी लिहितेय ते कॅन्सरच्या शेजारी येऊन बसणाऱ्या एका प्रश्नाबद्दल. तो तुम्हालाही विचारला जाईल, आणि विचारला जाईल तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर नसेल.

पुढच्या उपचारांसाठी आम्ही कोल्हापूरला गेलो. आंबा घाट चढताना मला उलटी झाली. गाडी लागली की भीती लागली, कोण जाणे. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढले. आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, मग काही वर्षं रोज एक गोळी. चौकोन काढून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मूलबाळ?"

"अजून नाही," हेमंत म्हणाला.

"हवंय? केमोनं अंडाशय निकामी होऊ शकतात. हवं असेल तर त्याआधी काहीतरी राखून ठेवावं लागेल. आणि मी केमो फार पुढे ढकलणार नाही."

बघा गंमत. जिला पुढच्या वर्षी आपण असू का हे माहीत नाही, तिला अजून चार-पाच वर्षांनी होऊ शकणाऱ्या बाळाबद्दल विचारतात, आणि उत्तर याच आठवड्यात हवं असतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. हेमंतनं माझा हात धरला आणि "हवंय" असं सांगून टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं. आमचं ठरतच होतं. घर बांधून झालं की, माझी नोकरी कायम झाली की, असं करत आम्ही लांबणीवर टाकत होतो.

वंध्यत्वाच्या डॉक्टर त्याच रस्त्यावर पलीकडे होत्या. त्यांच्या वेटिंग रूममध्ये गुबगुबीत बाळांचे फोटो लावलेले. तिथे बसलेल्या सगळ्या बायका आशेनं आलेल्या, आणि मी एकटीच फाईलवर दुसऱ्या दवाखान्याचं नाव मिरवत बसले होते. डॉक्टर बोलायला सरळ होत्या.

"दोन गोष्टी करता येतात. तुमची स्त्रीबीजं गोठवता येतात, किंवा नवऱ्याच्या शुक्राणूंशी त्यांचं मीलन करून भ्रूण गोठवता येतात. याला क्रायोप्रिझर्व्हेशन म्हणतात. दोन्हींचे निकाल चांगले आहेत. एक फरक लक्षात घ्या. बीज तुमचं एकटीचं असतं. भ्रूण दोघांचा असतो."

हेमंतला भ्रूण हवे होते. एक पायरी पुढे गेलेलं काम, असं त्याला वाटलं. तो पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहे, अर्धवट योजना त्याला बघवत नाहीत. मी "चालेल" म्हटलं. त्या दिवसांत मला काहीही चालत होतं. डॉक्टर पुढे म्हणाल्या, "कायद्यानं हेही आधी विचारावं लागतं. दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं, तर भ्रूणांचं काय करायचं?"

"दुसऱ्याकडे राहू देत," हेमंत लगेच म्हणाला.

मीही मान डोलावली. दोघांपैकी एक म्हणजे कोण, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. नर्सनंसुद्धा माझ्याकडेच पाहिलं.

मग रोज पोटात इंजेक्शन. एका वेळी एकाऐवजी बरीच बीजं पिकावीत म्हणून ही हार्मोनची इंजेक्शनं असतात. हार्मोनवर पोसणाऱ्या कॅन्सरला पुन्हा हार्मोन कसे, असं मी विचारलं. सोबत लेट्रोझोल नावाची गोळी देतात, इस्ट्रोजेन आटोक्यात ठेवायला. इंजेक्शन हेमंतच द्यायचा. त्याचा हात थरथरायचा, म्हणून मी त्याला ओरडायचे, म्हणून तो आणखी थरथरायचा. अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, आमच्याकडे नवरा कंपाउंडर होता.

भूल देऊन बीजं काढली. काही दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला, "चार छान भ्रूण मिळालेत, गोठवून ठेवलेत."

हेमंतनं ही बातमी आधी आईंना दिली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. राजापूरच्या बाजूच्या आमच्या गावाहून त्या मला सांभाळायला रत्नागिरीला येऊन राहिल्या होत्या. त्यांना हसावं की रडावं कळेना.

"चार? आणि कुठं ठेवलेनी त्यांना?"

"नायट्रोजनच्या टाकीत आई. उणे एकशे शहाण्णव अंशांवर."

त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "थंडी नाय गो वाजत त्यांना?"

मी त्यांना शिकवल्यासारखं समजावलं. एवढासा ठिपका असतो, डोळ्यानं दिसतही नाही. त्याला थंडी-वारा कळत नाही. आणि तो बर्फही नसतो. पाण्याचा बर्फ झाला की त्याचे काटे होतात आणि पेशी आतून फाटते. म्हणून पेशीतलं पाणी काढून त्या जागी दुसरं द्रावण भरतात आणि इतक्या झपाट्यानं थंड करतात की बर्फ व्हायला वेळच मिळत नाही. सगळं काचेसारखं होऊन थांबतं. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून ती चौघं "बर्फातली" झाली. माझं शिकवणं असंच वाया जातं, वर्गातही.

केमो सुरू झाली. केस गेले, त्याचं मला एवढं वाटलं नाही. तोंडाच्या आतली साल गेली, त्याचं वाटलं. आई पातळ पेज करायच्या, गार करून वाटीवाटीनं पाजायच्या. माशाचा वासही सहन होत नव्हता. त्यामुळे रोज मासे शिजणाऱ्या आमच्या घरात मासे मागच्या पडवीतल्या शेगडीवर शिजायला लागले, आणि आई व हेमंत तिथेच बसून, चोरी केल्यासारखे, जेवायला लागले. न्यूट्रोपेनिया झाला, म्हणजे पांढऱ्या पेशी उतरल्या, तेव्हा मला एका खोलीत बसवलं. बाहेरचं कोणी आत नाही, मी बाहेर नाही. खिडकीतून दोन माड आणि शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसायची. त्या टाकीकडे बघून मला कोल्हापूरची टाकी आठवायची. पाच जण थांबवून ठेवले होते, त्यातली मी एक.

हेमंतला विज्ञानकथांचा नाद. खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून तो मला वाचून दाखवायचा. गोठवलेला माणूस शंभर वर्षांनी उठतो, जग बदललेलं असतं, ओळखीचं कोणी उरलेलं नसतं, वगैरे. अशा पुष्कळ कथा असतात. मी त्याला म्हटलं, "यांत एक बरं असतं. गोठलेल्या माणसानं आधी होकार दिलेला असतो. आपल्या चौघांना कोण विचारायला गेलं?"

"ते माणसं नाहीत गं अजून."

"मग आई त्यांच्या थंडीची काळजी का करतात?"

त्यानं पुस्तकाचं पान उलटलं. याचं उत्तर मलाही येत नव्हतं, अजूनही नीटसं येत नाही. पण त्या कथा ऐकताना एक लक्षात आलं. गोठलेला माणूस त्यांचा नायक असतो. टाकीबाहेर जे वाट बघत थांबतात, ज्यांचं आयुष्य पुढे सरकत असतं आणि तरी कुठेतरी अडकलेलं असतं, त्यांच्यावर कोणी कथा लिहीत नाही.

शिमग्याला गावी देवाची पालखी घरी येणार होती. माझ्या पेशी तेवढ्यापुरत्या वर आल्या होत्या, डॉक्टरांनी मास्क लावून जायची परवानगी दिली. मी माजघरात खुर्चीवर बसले, डोक्याला रुमाल बांधून. पालखी अंगणात टेकली. घराच्या नावाचा नारळ ठेवून मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडची ही रीत आहे. घरात कोण कोण आहे, कोणाचं काय अडलंय, हे देवाला मोठ्यानं सांगायचं आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी होकार भरायचा. जे घरी नाहीत त्यांनाही विसरायचं नाही. कोण मुंबईला, कोण बोटीवर, त्यांची राखण कर म्हणायचं.

"आज ह्या घराची सून आजारात पडलेली हाय, तिला गुण दे म्हाराजा," मानकरी म्हणाले.

"व्हय म्हाराजा," अंगणातून आलं.

"आणि ह्या घराची चार लेकरं कोल्हापुरात बर्फात ठेवलेली हायत. त्यांची राखण कर, त्यांना सुखरूप घरी आण म्हाराजा."

सगळं अंगण म्हणालं, "व्हय म्हाराजा."

मी डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढून घेतला. आईंनीच हे मानकऱ्यांच्या कानात सांगितलं होतं. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांना माझा प्रश्नच कळेना. "बोटीवरच्या माणसाला घेतात ना गाऱ्हाण्यात? मग? ही पन लांबच हायत." त्यांच्या हिशेबानं त्यांनी चूक काहीच केलं नव्हतं. घरातलं कोणी दूर असेल तर देवाला सांगायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पण त्यामुळे डॉक्टरांच्या भाषेत ज्यांना फक्त प्रत ठरवणारी ग्रेड होती, त्यांना त्या दुपारी घर मिळालं, गाव मिळालं आणि वाट बघणारा देव मिळाला.

तेव्हापासून गावाहून फोन आला की माझ्या तब्येतीनंतर दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि बर्फातली बरी हायत ना?" मी "आहेत" म्हणायचे. काय सांगणार, अभ्यास कसा चाललाय?

ऑपरेशन झालं. रेडिएशन झालं, कातडी भाजल्यासारखी काळी पडली. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी सुरू झाली. ही गोळी इस्ट्रोजेनला कॅन्सरच्या पेशीशी जोडू देत नाही. केस आले, आधी नव्हते इतके कुरळे. मी कॉलेजात रुजू झाले. बारावीच्या पुस्तकात क्रायोप्रिझर्व्हेशनवर दोन-तीन ओळी आहेत. त्या शिकवताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वापरायचेच नसतील तर त्या भ्रूणांचं काय करतात?" मी सांगितलं, हे परीक्षेला येत नाही. 

वर्षातून एकदा कोल्हापूरहून फोन यायचा. ठेवणं चालू ठेवायचं ना? हेमंत "हो" म्हणायचा. मला तो फोन आधीपासून ऐकू यायला लागायचा. कॅन्सरच्या डॉक्टरांना मी विचारलं, गोळी थांबवून मूल होऊ देता येईल का? ते म्हणाले, "मध्ये गोळी थांबवून प्रयत्न करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांचं ठीकही होतं. पण तुमच्या काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचला होता. मी नको म्हणणार नाही. हो पण म्हणणार नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. गोळी घेतली तर चौघं टाकीत. गोळी सोडली तर रात्रंदिवस छातीवर हात. आईंनी तिसरी वाट काढली, दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवायची, म्हणजे सरोगसी. आजारामुळे गरोदर राहता येत नसेल तर कायदा त्याला परवानगी देतो. हेमंतनं चौकशीही करून ठेवली होती. मला न विचारता.

त्या खेपेला तपासणीहून परतताना आंबा घाटात ट्रक बंद पडला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, वर धुकं. उतरून जायला जागा नाही. दोन वर्षं जे विचारायचं होतं ते मी तिथे विचारलं.

"मी गेले असते तर त्या चौघांचं काय करणार होतास?"

"असलं काय विचारतेस."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझं उत्तर तयार होतं."

त्यानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "एक तरी आणणार होतो. तुझं काहीतरी घरात राहिलं असतं."

"कोणाच्या पोटातून?"

"तिथपर्यंत नव्हतो पोचलो."

"म्हणजे मी आत केमो घेत होते आणि बाहेर तू माझं बियाणं राखून ठेवत होतास. पीक गेलं तर गेलं."

तो रडायला लागला. हेमंतला मी लग्नात, त्याचे वडील गेले तेव्हा, कधीच रडताना पाहिलं नव्हतं. "मला दुसरं काय करता येत होतं, वृषाली? आजार डॉक्टरांच्या हातात. तू आत. मला इंजेक्शन देता येत होतं आणि हे ठेवता येत होतं. तेवढंच होतं माझ्याकडे."

माझा राग गेला नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. मला मूल नको होतं असं नाही. मला माझ्या जागी मूल नको होतं. माझ्या मरणाची तयारी म्हणून जे ठेवलं गेलं, त्याच्याकडे मला आई म्हणून बघता येईना. वर्षातून एकदा फोन यायचा आणि मला वाटायचं, ही माझीच चौकशी आहे, अजून आहात का? मला त्या टाकीतून बाहेर यायचं होतं. ती चौघं आता ठेवायची नाहीत, असं मी त्याला म्हटलं.

ट्रक हलला. घाट उतरून साखरपा आला. मग हेमंत म्हणाला, "मी अडवणार नाही. पण आईला तू सांग. आणि गाऱ्हाण्यात घातलंय ते?"

आईंना सांगितलं तेव्हा त्या कोळंबी सोलत होत्या. हात थांबले नाहीत. सोलून झाल्यावर म्हणाल्या, "माझं काय नाय गो. पन देवाला सांगितलंय. गाऱ्हाणं मागं घेत नाय कोन. गावानं होकार भरलाय."

हसू नका. डॉक्टरांनी दोघांची संमती पाहिजे म्हटलं होतं. आमच्याकडे ती अख्ख्या गावाची झाली होती, आणि वर देवाची. मी शिकलेली आहे, मला हे झुगारता आलं असतं. पण ज्या बाईनं माझ्या ओकाऱ्या पुसल्या, तिच्या देवाशी तिला खोटं पाडून मी कुठे जाणार होते? तिच्या पेजेवर उभी राहिलेली मी.

शेवटी मीच म्हटलं, गावी चला. देवळात दुपारी गुरवकाका एकटेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते डोकं खाजवत बसले.

"असलं पूर्वी कोनी विचारलेलं नाय. मागं तर घेत नायत. कौल लावू या?"

कौल म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"नको," मी म्हटलं. "मला देवाला विचारायचं नाही, सांगायचंय."

गुरवकाकांनी आईंकडे पाहिलं. आई खांबाला टेकून बसल्या होत्या. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. गुरवकाका म्हणाले, "नवं घालायला हरकत नाय. नारळ ठेव. पन तुझं तू बोल, मला ते बोलता यायचं नाय."

मी नारळ ठेवला. 

"महाराजा," मी म्हटलं, "चौघांची राखण कर म्हणून तुला सांगितलं होतं. तू केलीस. आता ती सोड. त्यांना घरी आणायचं नाही असं मी ठरवलंय. दोष असेल तर माझा, या घराचा नाही, आईंचा तर नाहीच. त्यांनी मायेनं सांगितलं होतं. मला जगायचंय. कोणाच्या बदल्यात नाही, माझं मला."

आणि मी थांबले. गाऱ्हाण्यात इथे होकार यायचा असतो. गुरवकाका गप्प, त्यांचं घर नव्हे ते. हेमंत दारात उभा होता, त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. घरातलं थोरलं माणूस असताना धाकट्यानं बोलायचं नसतं. देवळात कुठूनतरी पारव्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही शांतता अशीच राहणार आणि मी जन्मभर हिच्यात उभी राहणार.

आई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावून उठल्या. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि देवाकडे बघत म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

कोल्हापूरला आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, संशोधनासाठीही देता येतात. मला ते पटत होतं, हेमंतला नाही. त्याला त्यांना आणखी कोणाच्या हाताखाली द्यायचं नव्हतं. ती दोघांची होती, त्यामुळे इथे मी त्याचं ऐकलं. "आम्ही फक्त बाहेर काढून ठेवतो," डॉक्टर म्हणाल्या, "बाकी काही करावं लागत नाही." बाहेर येईपर्यंत हेमंतनं माझा हात सोडला नाही, आणि मलाही तो सोडवावासा वाटला नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर गोठवू नका असं मी मुळीच सांगणार नाही. त्याच वेटिंग रूममध्ये माझ्यासारख्याच एका बाईच्या मांडीवर तिचं बाळ मी पाहिलंय, आणि बघून बरं वाटलंय. फक्त घाईत असलात तरी एवढं करा. बीज की भ्रूण हा फरक घरी नेऊन त्यावर एक रात्र झोपा. आणि "बरंवाईट झालं तर" हा प्रश्न आला की नवऱ्याच्या आधी तुम्ही बोला. बरंवाईट तुमचं व्हायचं असतं. मी जगले यासाठी डॉक्टरांचे उपकार आहेत, त्या थरथरत्या हाताचे आहेत, पेजेचे आहेत. मी मोकळी झाले, त्याचं श्रेय मात्र देवळात माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आईंचं.

त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आईंनी दारातच विचारलं, "झालं?"

"झालं."

"सुतक धरायचं काय गो?"

 मला खरंच माहीत नव्हतं. मग त्यांनीच ठरवलं. "नाव ठेवलं नव्हतं. नाय धरायचं," म्हणाल्या आणि आत गेल्या. पण त्या रात्री आमच्याकडे वरणभात होता. मासे अजूनही मागच्या पडवीतच शिजायचे, ती शेगडी पेटली नव्हती. कोणी तसं ठरवलं नव्हतं आणि कोणी मासे का नाहीत म्हणून विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आई बाजारातून बांगडे घेऊन आल्या. स्वयंपाकघरातच तळले. मी दोन खाल्ले.